उस्तादांची झोप

उस्ताद झोपले की आमच्याकडे माणूस पास व्हायचा. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण लातूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी परीक्षाच नव्हती. ऑटोची सीट असो, मोटरसायकलची असो, नाहीतर दवाखान्यातल्या बाकाची गादी असो, काम पुरं झालं की ते भिंतीकडेच्या लाकडी फळीवर नेऊन ठेवायचं. दुपारची नमाज आणि जेवण उरकून उस्ताद यायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, त्या सीटवर बसून भिंतीला पाठ टेकायचे. झोप लागली तर काम पास. नाही लागली तर उठून सीटवर एक टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "उसव."

यात एक भानगड होती. उस्तादांचा डावा डोळा झोपेतही पुरता मिटत नसे. पापणीखालून बुबुळ दिसत राहायचं, त्यामुळे डोळस माणसाला ते झोपलेत की आपल्याकडे बघतायत हे कळायची सोय नव्हती. ते काम दत्ताकडे होतं. दत्ता औशाचा, त्याला जन्मापासून दिसत नाही. उस्ताद टेकले की तो त्यांच्या पायाशी उकिडवा बसायचा, कान वर करायचा. सगळ्या मशिनी थांबायच्या. मग दत्ता एकतर म्हणायचा "लागली", नाहीतर म्हणायचा "न्हाई लागली, नुस्ता पडून हाय." त्याच्या निकालावर अपील नव्हतं.

हल्ली उस्ताद थकलेत. आता त्यांना शेडच्या पायरीवर बसल्या बसल्याही झोप लागते, म्हणून ती परीक्षा आम्ही बंद केली आहे. पण मी सांगते आहे त्या दिवसांत त्यांची झोप फार महाग होती. त्यांच्या बायको, आमच्या चाची, म्हणायच्या, "मऊ बिछान्यावर पण कूस बदलत राहतात. खोट शोधतात झोपेत."

उस्ताद पिंजाऱ्याच्या घरातले. बाप-आजे कापूस पिंजून गाद्या भरायचे. गाद्यांचा धंदा बसत गेला तसे उस्ताद ऑटोच्या सीटकडे वळले. दत्ताची आणि त्यांची गाठ पडली ती एका गादीपायी. गादी न्यायला आलेल्या घरच्यांनी दत्तालाही सोबत आणलं होतं. त्याने नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "इथं गाठ हाय." उस्तादांनी हात फिरवला, त्यांना सापडली नाही. त्यांनी गादी उसवली. कापसात बोराएवढी गाठ. गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पडलेल्या कारागिराने चिडावं, की नाही? उस्ताद म्हणाले, "तू उद्यापासून ये." झाली संस्था सुरू. पुढे लोकांनी त्याला केंद्र म्हटलं, प्रकल्प म्हटलं, त्यांच्यावर पेपरात लिहून आलं, पण उस्ताद प्रत्येकाला एकच सांगायचे, "मी कुणावर उपकार केला न्हाई बाबा. मला गाठ सापडली न्हाई, त्याला सापडली."

दुसरे आले ते निलंग्याचे दोघं भाऊ, दोघंही ठार बहिरे. शेडच्या मागेच डाळ मिल होती. दुपारची सुट्टी सोडली तर दिवसभर तिची अशी घरघर चालायची की चांगल्या कानांचा कारागीर आठवडाभरात डोकं धरून पळून जायचा. हे दोघं मात्र देवळात बसल्यासारखे शांतपणे काम करायचे. उस्तादांनी मग धडधाकट कारागीर शोधायचाच सोडला. उदगीरहून कुणी आलं, अहमदपूरहून कुणी आलं, कुणाला हात नव्हता, कुणाला डोकं कमी म्हणून घरात कोंडलेलं होतं. शेड पुरेना तेव्हा शेजारची शेड घेतली. एका कचेरीतून सांगणं आलं की संस्थेला नाव पाहिजे, पाटी पाहिजे. उस्तादांनी पाटी रंगवून घेतली: "सीट, गादी, हूड. बसून बघा." कचेरीतले साहेब म्हणाले, यात दिव्यांग शब्द कुठे आहे? उस्ताद म्हणाले, "साहेब, सीटला काय फरक पडून राहिला?"

आमची नावं त्यांच्या तोंडात कधी आलीच नाहीत. ते माणसाला गावाच्या नावाने हाक मारायचे, अगदी एसटी स्टँडवरच्या कंडक्टरसारखी. "ए औसा! फोम आण. उदगीर, निलंगा दोन नंबरला खुणव, मशीन बंद कर म्हणावं." एकदा दिलेलं नाव बदलत नसत. एकीचं लग्न होऊन ती पार पुण्याला गेली, तरी फोनवर "काय गं रेणापूर" असंच चालायचं.

माझं नाव पडलं किल्लारी, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मी तोंडाळ आहे हे आता तुम्हाला कळलंच असेल, तरी माझी गोष्ट मी थोडक्यात सांगते. भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, भिंत अंगावर आली, उजवा पाय गुडघ्याखाली गेला. संपलं. मी हे एका दमात सांगते, कारण लोकांना त्यावर तासभर बसायचं असतं. माझं सगळं लहानपण लोकांच्या च्च-च्च मध्ये गेलं. शाळेत रांगोळीची स्पर्धा होती. मी मोर काढला आणि गडबडीत त्याला तीन पाय काढले. तरी पहिला नंबर माझा. सरांनी डोक्यावर हात ठेवला, टाळ्या झाल्या. त्या तीन पायांच्या मोराचा मला अजून राग येतो. पुढे दहावीला मार्क पडले, बारावीला पडले, शिवणाच्या क्लासात सर्टिफिकेट मिळालं, आणि दर वेळी मी मनात विचारायची, यातलं माझं किती आणि पायाचं किती? सांगणारं कुणी नव्हतं.

मामा मला लातूरला घेऊन आला. शेडच्या दारात उभं राहून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "उस्ताद, बिचारीला कायतरी शिकवा."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एक जुनी ट्रॅक्टरची सीट उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि हातात ब्लेड दिलं. "उसवा."

"मी?" मामा म्हणाला.

"हिथं कायदा हाय. 'बिचारा' म्हटलं की एक सीट उसवायची. टाका टाका, रेग्झीन न फाडता. पाहुणा असो का पाटील."

मामाची तिसऱ्या प्रहरची एसटी गेली, त्याच्या पुढचीही गेली. मामा घाम पुसत उसवत होता आणि मी बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदा पोट धरून हसत होते. उस्ताद माझ्याकडे वळले. "तुला काय येतं?"

"शिवण येतं. सर्टिफिकेट हाय."

"ब्येस. मग तू बी उसव."

पहिले चार महिने मी फक्त उसवलं. उस्तादांचं म्हणणं असं की चांगल्या कारागिराचे टाके उसवताना त्याची अक्कल कळते आणि वाईट कारागिराचे उसवताना त्याची घाई. मी म्हणायची, मला शिवू द्या. ते म्हणायचे, "आधी लोकांचं वाच, मग तुझं लिही." चार महिन्यांनी त्यांनी माझ्यासाठी मशिनीचं पायडल डावीकडे घेतलं आणि मला सूत दिलं.

मग सुरू झाली माझी नापासाची माळ. दुसरे पाच-सहा सीटांत पास व्हायचे. मी वर्षभर होत नव्हते. आणि गंमत म्हणजे माझ्या सीटा दिसायला सगळ्यांत देखण्या. सुरकुती नाही, टाका वाकडा नाही, कडेचं पाइपिंग दोरीसारखं सरळ. गिऱ्हाईक बघून खूश व्हायचं. उस्ताद बसायचे, पाठ टेकायचे, दत्ता कान लावायचा. मग दत्ताच खालच्या आवाजात म्हणायचा, "न्हाई लागली." उस्ताद उठायचे.

"काय खोट हाय ते तरी सांगा," मी एकदा भांडले.

"दिसायला दुल्हन, बसायला फरशी," ते म्हणाले. "किती ताणतीस गं! रेग्झीनला दम घेऊ दे. तू सीट शिवून न्हाई राहिलीस, किल्लारी. तू पेपर लिहून राहिलीस."

मला ते झोंबलं. मी आणखी ताणलं. एखादी सुरकुती राहिली तर लोक म्हणणार, जाऊ द्या, बिचारीने एका पायावर शिवलंय. हा आवाज माझ्या डोक्यात डाळ मिलसारखा अखंड चालायचा. दत्ताला कीव आली असावी. एकदा जेवताना तो उस्तादांना म्हणाला, "एकडाव पास करून टाका तिला. सीट बरी असती." उस्तादांनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "झोप काय माझ्या हातात हाय व्हय रे?" ते म्हणाले, आणि दत्ताला दुपारभर उसवायला बसवलं. 'बिचारी' हा शब्द दत्ता बोलला नव्हता, पण उस्तादांना तो ऐकू आला होता.

त्याच सुमारास हदगावच्या बाई आल्या. हदगावला त्यांच्या घरचा कापसाचा व्यापार. समाजकार्याची आवड, अंगावर कडक सुती साडी, सोबत दोन माणसं आणि फोटो काढणारा. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं, निलंग्याच्या भावांकडे बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "बिचारी लेकरं!" निलंगा एक नंबर तेव्हा चाळिशीला आला होता आणि त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

आम्ही सगळे उस्तादांकडे बघायला लागलो. एवढ्या मोठ्या घरच्या बाई. उस्तादांनी स्टूल पुसलं, बाईंना अदबीने बसवलं, मांडीवर बुलेटची सीट ठेवली आणि ब्लेड पुढे केलं. बाईंची माणसं पुढे सरसावली. बाईंनीच त्यांना हाताने थांबवलं, कायदा काय तो विचारून घेतला, आणि चष्मा लावून बसल्या. पहिल्या शिवणीला त्यांनी रेग्झीन फाडलं. उस्ताद म्हणाले, "फाडलं. दुसरी घ्या." दुसरी त्यांनी नीट उसवली. दीड तास लागला. अधूनमधून दत्ता त्यांच्या सीटवर बोट फिरवून सांगायचा, "हितं तीन टाके राहिलेत ताई." उठताना बाईंची मान आखडली होती आणि चेहरा खुलला होता. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हदगावात जिनिंगची एक शेड रिकामी पडून आहे. तिथं असं काही करता येईल?"

"शेडचं काय घेऊन बसलात," उस्ताद म्हणाले. "शिकवायला माणूस पाहिजे. आणि शिकवील तोच, ज्याच्या सीटवर मी झोपलो."

शिकवण्याजोगे जे पास झाले होते त्यांना आपापले संसार होते. लातूर सोडून पार हदगावला जाणारं कुणी नव्हतं. जायला एकच माणूस तयार होता, आणि तो नापास होता. मला ते काम इतकं हवं होतं की मी रोज हदगावच्या गाडीची वेळ पाठ म्हणायची. शेडला रंग लागला, मशिनी आल्या, हदगाव तालुक्यातल्या बायका-पुरुषांची नावं आली, उद्घाटनाचा दिवस ठरला. मास्तर ठरला नाही. बाईंचा फोन आला की उस्ताद म्हणायचे, "बघू. झोपेला विचारतो."

उद्घाटनाला आम्ही पास झालेल्या गाद्यांचं गाठोडं घेऊन जीपने गेलो. स्टेजवरच्या मांडववाल्याच्या लोखंडी खुर्च्यांवर त्या घालायच्या होत्या. मांडल्या तर खुर्च्या सात आणि गाद्या सहा. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कापड द्या, करते. पण उरलं होतं ते अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी. मी जिनिंगच्या शेडमध्ये नव्या मशिनीवर बसले. समोर सुमन नावाची हदगावची बाई येऊन बसली. तिला एकच हात. तिने विचारलं, "एका हातानं उसवता येते का वं?" मी तिला दाखवायला लागले, सीट गुडघ्यात कशी धरायची, ब्लेड कसं आडवं घालायचं. ती म्हणाली, "माझी सासू म्हणून राहिली, तू काय करणार तिथं जाऊन." मी म्हटलं, सासूला इथं आण, 'बिचारी' म्हणाली की तिलाच उसवायला बसवू. आम्ही दोघी इतक्या हसलो की गादी कधी शिवून झाली ते मला कळलंही नाही. बघितलं तर एका कोपऱ्याला चक्क सुरकुती. उसवायला वेळ नव्हता. मी ती सगळ्यांत शेवटच्या, टोकाच्या खुर्चीवर ठेवली, जिथे कुणी मोठं बसणार नाही. आमच्याकडे बिनपरीक्षेची गादी माणसाखाली द्यायची नसते.

उस्तादांना मधोमध बसवलं होतं, फेट्यासकट. तीन भाषणं झाली. उस्ताद टक्क जागे, मांडवाचे बांबू मोजत होते. दत्ता स्टेजच्या कडेला हारांचं तबक घेऊन बसला होता, मी त्याच्या खालीच पहिल्या रांगेत. तेवढ्यात प्रमुख पाहुणे उशिरा आले, सोबत आणखी एक पाहुणा घेऊन. स्टेजवर उठाबशा झाल्या, हे इकडे, ते तिकडे, आणि त्या गडबडीत सरकत सरकत उस्ताद टोकाच्या खुर्चीवर येऊन बसले. माझ्या गादीवर. ती कुणी शिवली हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. मी दत्ताच्या पायाला चिमटा काढला आणि कुजबुजले, "टोकाला आलेत, माझ्या गादीवर."

प्रमुख पाहुणे बोलायला उठले. बोलता बोलता उस्तादांकडे हात करून म्हणाले, "बघा, या वयातही किती लक्ष देऊन ऐकतायत!" उस्तादांचा डावा डोळा अर्धा उघडा होता. मला काही कळेना. आणि लाइट गेली. माइक बंद, पंखे बंद, पाहुणे तोंड उघडं ठेवून थांबले. त्या शांततेत दत्ताने कान वर केला.

"लागली," तो म्हणाला.

"भाषणानं लागली आसंल," मी पुटपुटले.

"आधीची तीन बी तसलीच व्हती. तवा दुसऱ्या खुर्चीवर टक्क जागा व्हता त्यो."

"दत्ता, खरं सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नको."

"मला काय परत उसवायला बसायची हौस हाय का?" दत्ता चिडून म्हणाला.

लाइट आली. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, बाईंनी उस्तादांना दोन शब्द बोलायला बोलावलं. दत्ताने त्यांच्या गुडघ्यावर हात मारला. ते दचकून उठले, माइककडे निघाले, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. खुर्चीवरची गादी त्यांनी उचलली. अंगठ्याने मधे दाबली, कडेला दाबली, कोपऱ्यातल्या सुरकुतीवरून बोट फिरवलं. मग ती हिरवी-तपकिरी गादी काखेत घेऊन ते माइकपुढे उभे राहिले.

"औसा," त्यांनी माइकवरूनच विचारलं, "मी झोपलो व्हतो का?"

"हौ उस्ताद," दत्ता ओरडला. "लाइट जायच्या आधीपासून."

मांडव खदखदला. प्रमुख पाहुणेही हसले, थोडे उशिरा. उस्ताद हसले नाहीत. "ही कुणी शिवली?" त्यांनी विचारलं.

मी कुबडी वर केली. सगळा मांडव माझ्याकडे वळून बघायला लागला, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, बघा, खुशाल बघा.

"किल्लारी?" उस्ताद म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा गादीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. फेटा जरा मागे सारला. एकदा दिलेलं नाव ते कधी बदलत नसत, हे आमच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"चल," ते म्हणाले. "आजपासून तू हदगाव."

आता जिनिंगच्या त्या शेडमध्ये मशिनींची रांग दारापर्यंत आली आहे. सुमन उसवायला शिकवते, सासूला बसवून झालं तिच्या. ती गादी उस्तादांनी परत दिलीच नाही, लातूरच्या पायरीवर तीच असते त्यांच्याखाली. संध्याकाळी कधीतरी त्यांचा फोन येतो. आवाज बारीक झालाय, नाव विसरत नाहीत.

"हदगाव हाय का?" ते विचारतात.

मी म्हणते, "हाय."